बोरच्या पाण्यात मायक्रोफायबर टॉवेल धुवायचे कसे

मागच्या उन्हाळ्यात परभणीला मावसभावाकडं गेलो होतो, त्याची काळी गाडी घेऊन चारच महिने झालेले अन् उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषाच रेषा. तो म्हणे मी तर चांगला मायक्रोफायबर वापरायलोय, कामून असं झालं? टॉवेल मागून घेतला, हातावरून फिरवला तर टचकन टोचलं, बघतो तर कुसळ. एक नाही, तीन निघाली. धुतलेला टॉवेल तो कंपाउंडच्या तारेवर वाळत घालायचा अन् खाली सगळं वाळलेलं गवत. कुसळ काढल्यावरही कापड कडक लागत होतं, ते बोरच्या पाण्यानं.

म्हणून हे सगळं नीट लिहितोय, कारण गाडीवर हजारो रुपये घालणारे लोक टॉवेलकडं बघतच नाहीत.

मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर अन् पॉलिअमाइडचे केसापेक्षा कितीतरी बारीक धागे, बहुतेक वेळा 80-20 नाहीतर 70-30 प्रमाणात. धागे चिरलेले असतात म्हणून पाणी अन् धूळ धरून ठेवतात, पण मातीचा खडा असो की कुसळ, तेही तसंच धरून ठेवतात. आणि गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा, केसाच्या जाडीपेक्षाही कमीच. म्हणजे टॉवेलमधे अडकलेला एक खडा दहा वेळा फिरला की काम झालं.

पहिली गोष्ट, टॉवेल वेगवेगळे ठेवा. बॉडीचे वेगळे, काचेचे वेगळे, डॅशबोर्ड-सीटचे वेगळे अन् चाकं-इंजिनचे तर अगदी वेगळे, कारण चाकावर ब्रेकची धूळ असते, त्यात लोखंडाचे कण असतात आणि ते कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाहीत. रंगावरून ठरवून टाका, आमच्याकडं निळे फक्त बॉडीला अन् काळे फक्त चाकाला, घरातल्या पोरांनाही पाठ झालंय. नवीन टॉवेल आणला की आधी धुवा, त्यावरचं लेबल टाक्यापाशी नीट कापा, नुसतं ओढू नका, कडक टोक राहतं आणि तेच ओरखडा पाडतं.

आता धुणं. घरच्या कपड्यात, त्यातही सुती टॉवेल-चादरीत कधीच टाकू नका, सुताचे तुसे असे चिकटतात की नंतर काचेवर पांढरं पांढरं उतरतं. गाडी पुसून झाली की लगेच बादलीत भिजवा, वॅक्स-पॉलिश वाळलं की निघायला लई त्रास देतं. अर्धा तास कोमट पाण्यात, लिक्विड डिटर्जंट थोडंसंच. पावडर नको, आपल्या जड पाण्यात ती नीट विरघळत नाही, कण धाग्यात बसतात. कपड्याला वास यावा म्हणून शेवटी टाकतात ते सॉफ्टनर अजिबात नको, धाग्यावर थर बसतो अन् टॉवेल पाणी प्यायचं बंद करतो. ब्लीचही नको. उकळतं पाणी अन् इस्त्री तर विषयच नाही, उष्णतेनं धाग्याची टोकं कडक होतात आणि ती परत मऊ होत नाहीत.

खरी अडचण पाण्याचीच. कूलरच्या जाळीवर उन्हाळ्यात पांढरी खपली धरते ना, तेच क्षार टॉवेलमधे बसतात. त्याला उपाय म्हणजे साबण पूर्ण निघाल्यावर एका बादलीत अर्धा कप पांढरं व्हिनेगर टाकून दहा-पंधरा मिनिटं टॉवेल ठेवायचे, मग साध्या पाण्यातून काढायचे. व्हिनेगर अन् ब्लीच एकत्र कधीच करू नका, विषारी वायू होतो. बरेच जण आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यात टॉवेल धुवायलेत, गाडीही त्याच पाण्यानं धुतात, पाणी वाचवायची भावना चांगलीये पण त्या पाण्यात क्षार उलट जास्त असतात. त्यापेक्षा घरात एसी असला तर त्याच्या पाइपचं पाणी साठवा, त्यात क्षार जवळपास नसतातच, शेवटच्या खळबळण्याला ते एकदम भारी. टँकरच्या दिवसांत मी तर आठवडाभराचं तेच साठवून ठेवतो.

पिळताना जोरात मुरगाळू नका, मशीनच्या स्पिनरमधे टाकलं तरी चालतं, तिथं उष्णता नसते. वाळवायचं सावलीत, शक्यतो घरातल्या दोरीवर. गच्चीवर घातलं अन् दुपारची वावटळ आली की परत धुवा, काळ्या मातीची धूळ दिसत नाही पण असते. वाळल्यावर झटका, तळहातानं दोन्ही बाजू चाचपा, मग झाकणाच्या डब्यात ठेवा. डिकीत मोकळे टाकू नका, तिथं चपलांची रेती असते.

वापरताना एकच पाळा, धुळीच्या गाडीवर कोरडा टॉवेल फिरवायचा नाही. सकाळी सोसायटीत गाड्या अशाच पुसायलेत, बघून जीव तुटतो. आधी पाणी मारा, शाम्पूनं धुवा, मग टॉवेल. तो दोनदा घडी घातला की दोन्हीकडून मिळून आठ स्वच्छ बाजू मिळतात, एक मळली की दुसरी घ्या. दाबू नका, नुसतं सरकवा. हातातून जमिनीवर पडला तर तो बॉडीसाठी त्या दिवशी संपला, झटकून परत लावायचा नाही, नीट धुऊन हातानं तपासल्याशिवाय तर नाहीच.

धुऊनही कडक राहिलेला टॉवेल दाराच्या कडा पुसायला घ्या, त्याच्याही पलीकडं गेला की चाकाला. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंग जपायला वरून लावतात तो लेप, पुसलेला टॉवेल मात्र धुवत बसू नका, ते धाग्यात काचेसारखं घट्ट होतं, तो टॉवेल सरळ टाकून द्या.