डेंग्यूवर काम करायचंय? आधी पेशी शिका

विषाणूशास्त्राकडे वळणारी बहुतेक मुलं विषाणूच्या ओढीनं येतात. मीही तशीच आले. पण डेंग्यूच्या विषाणूजवळ स्वतःचं असं असतं किती? जेमतेम १०,७०० बेसेसचा आरएनए आणि त्यातून होणारी १० प्रथिनं. बाकी सगळं तो पेशीकडून उकळतो. म्हणून नवीन येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: सुरुवातीचे महिने निरोगी पेशी नीट ओळखण्यात घालवा. त्यातही एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, म्हणजे ईआर: पेशीतलं पटलांचं जाळं, जिथे प्रथिनं आणि लिपिड बनतात.

डेंग्यूचा सगळा कारभार ईआरवरच चालतो. एनएस४ए, एनएस४बी ही त्याची प्रथिनं ईआरच्या पटलात रुतून बसतात, पटल आत वळतं आणि साधारण ९० नॅनोमीटरच्या पुटिका (चिमुकल्या पिशव्या) तयार होतात, पेशीद्रवाच्या बाजूला अरुंद तोंड असलेल्या. आरएनएच्या प्रती तिथे आत निघतात, त्यामुळे दुहेरी धाग्याचा आरएनए हुडकणाऱ्या पीकेआरसारख्या पेशीच्या बचावाच्या प्रथिनांना त्या सहजी सापडत नाहीत. या पुटिकांची त्रिमितीय रचना २००९ साली इलेक्ट्रॉन टोमोग्राफीमुळे स्पष्ट झाली. साध्या कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली जे२ (दुहेरी धाग्याचा आरएनए ओळखणारी) अँटिबॉडी लावून दिसतात ते फक्त केंद्रकाभोवतीचे ठिपके. त्यावरून पटलाच्या आकाराबद्दल काही बोलू नये.

ईआरवर असा भार आला की पर्क, आयआरई१ आणि एटीएफ६ हे तीन संवेदक जागे होतात. हात बसवायला मी एक्सबीपी१ या जनुकाची चाचणी सुचवेन. आयआरई१ त्याच्या एमआरएनएमधून २६ बेसेसचा तुकडा कापतं. एवढासा फरक १ टक्क्याच्या जेलवर (तुकडे लांबीनुसार वेगळे करणारा थर) कळत नाही. अडीच-तीन टक्के अगारोज घ्या आणि कमी व्होल्टेजवर सावकाश चालवा. दोन पट्ट्यांच्या वर कधीकधी तिसरी, पुसट पट्टी येते. घाबरू नका, कापलेला आणि न कापलेला असे दोन धागे एकमेकांना जुळून ती बनते. शेजारच्या लेनमध्ये थॅप्सिगार्गिन (ईआरवर ताण आणणारं रसायन) दिलेल्या पेशी हव्यातच, आणि अतिनील किरणांनी निकामी केलेला विषाणू दिलेल्याही. नाहीतर ताण विषाणूच्या वाढीमुळे आला की नुसत्या त्याच्या शिरण्यामुळे, हे सांगता येणार नाही.

‘ताण वाढला’ एवढ्यावर थांबणारे निकाल मला अपुरे वाटतात. एक्सबीपी१मुळे लिपिड बनतात, ईआर पसरतं. हे विषाणूच्या पथ्यावर पडतं. पर्क मात्र ईआयएफ२-अल्फा या प्रथिननिर्मिती सुरू करणाऱ्या घटकावर फॉस्फेट चढवून प्रथिननिर्मिती रोखतं आणि त्यात विषाणूचंही अडतं. डेंग्यूनं ग्रासलेल्या पेशींना आर्सेनाइट (ताण आणणारं रसायन) दिलं तरी त्यांच्यात स्ट्रेस ग्रॅन्युल्स (ताणात थांबलेल्या एमआरएनएचे पुंजके) कमी बनतात, म्हणजे ताणाच्या प्रतिसादाचे काही मार्ग विषाणू बंदही करतो. त्यामुळे संसर्गानंतरचा फक्त २४ तासांचा नमुना पुरत नाही. ६, १२, ४८ तासांचेही घ्या.

आणि संसर्ग एकदाच करा, पण डिश जास्त ठेवा: त्याच खेपेतून आरएनए, वेस्टर्न ब्लॉटसाठी प्रथिनं आणि ग्लुटराल्डिहाइडमध्ये स्थिर केलेल्या पेशी. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी नंबर लागायला वेळ लागतो, तेव्हा नाव आधीच नोंदवून ठेवा.