खरीप कांदा: दुबईचा भाव पाहण्याआधी वाटखर्च वजा करा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर कांदा निघू लागला की बेळगाव, हुक्केरी, चिकोडीकडच्या ग्रुपवर दुबईचे आणि कोलंबोचे भाव फिरू लागतात. ते खरे असले तरी तिथल्या पेठेतले असतात. बांधावर पोचेपर्यंत त्यातून गोणी, हमाली, मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरापर्यंतचं भाडं, कंटेनर आणि वाटेतली घट वजा होते.

समजा, तिकडे किलोला ४० रुपये आहेत. बंदरापुढचा खर्च ६ आणि बंदरापर्यंतचा १० धरला, तर बांधावर २४ उरतात. त्यात बंदरातल्या किमतीवर ४० टक्के निर्यात शुल्क बसलं, तर हातात येतात जेमतेम १४. गाडीवाला भाडं कमी करत नाही, म्हणून शुल्काचा मार आपल्यावरच पडतो. तिकडचं गिऱ्हाईक थोडा भार उचलेल, पण पाकिस्तानचा कांदा समोर असला तर तेही हात आखडतं.

हे आपण सोसलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, डिसेंबरात थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवता येत नव्हता) आणि ४० टक्के शुल्क होतंच. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. म्हणून काढणीच्या आठवड्यातही शुल्काची खबर घ्या.

आता प्रतवारी. कांदा चांगला असो वा हलका, गोणीचं भाडं तेवढंच. २४ रुपयांच्या मालाला १० रुपये वाटखर्च झेपतो, १२ रुपयांच्या मालाला नाही. त्यामुळे एकसारखा, कडक, बारीक मानेचा कांदा लांब पाठवा. जोडकांदा, डेंगळे (फुलाचा दांडा आलेला कांदा), चिंगळी (अगदी बारका कांदा) बेळगावच्या मार्केटात किंवा चोर्ला घाटातून गोव्याला जाऊ द्या. मिसळ माल भरलात तर चांगल्यालाही हलक्याचा भाव मिळतो.

काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा. खरिपात पात आपोआप पडत नाही, रिकामं पिंप फिरवून पाडा. काढलेला कांदा तीन-चार दिवस पातीसकट सुकवा, मग दोन-अडीच सेंमी मान ठेवून कापा आणि सावलीत पसरा. ओल्या मानेचा कांदा कंटेनरमध्ये सडतो. खरिपाचा कांदा चाळीत टिकत नाही, तेव्हा भाव वाढेल म्हणून फार दिवस अडवू नका.

व्यापारी भाव बोलला की आधी विचारा, हा बांधावरचा की बंदरावरचा? बाद झालेल्या मालाची घट कुणाच्या अंगावर, हेही गाडी भरण्याआधी कागदावर लिहून घ्या.