साहाय्यक प्रथिनाशिवाय रिसेप्टर कुठे अडतो, हे कसे तपासावे

मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथीला कॉर्टिसॉल तयार करायला लावणारे एसीटीएच हे संप्रेरक एमसी२आर या रिसेप्टरमार्फत, म्हणजे संप्रेरक ओळखणाऱ्या पेशीपृष्ठभागावरील प्रथिनामार्फत, काम करते. मात्र या रिसेप्टरचे जनुक एचईके२९३ किंवा सीएचओ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींत नुसते घातले, तर तो एंडोप्लास्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे पेशीत प्रथिने घडवणाऱ्या जाळ्यातच, अडकून राहतो. त्याला बाहेर काढणारे एमआरएपी हे साहाय्यक प्रथिन २००५ साली ओळखले गेले, तेही कॉर्टिसॉलची आनुवंशिक कमतरता असलेल्या अशा कुटुंबांमुळे, ज्यांचा रिसेप्टर निर्दोष होता.

अशी जोडी अभ्यासताना दोन प्रश्न पहिल्यापासून वेगळे ठेवावेत: रिसेप्टर पृष्ठभागावर पोहोचतो का, आणि पोहोचल्यावर संप्रेरकाला प्रतिसाद देतो का.

त्यासाठी पेशींचे चार गट करावेत: रिकामा प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारे डीएनएचे वर्तुळ), फक्त रिसेप्टर, फक्त एमआरएपी आणि दोन्ही. प्रत्येक गटातील एकूण डीएनए सारखा ठेवावा. रिसेप्टरच्या बाहेरच्या टोकाला, म्हणजे एन-टोकाला, एचए टॅग (अँटीबॉडीने ओळखता येणारी छोटी खूण) आणि आतल्या सी-टोकाला दुसरा टॅग जोडावा.

पृष्ठभागाची मोजणी सर्वांत जपून करावी लागते. जिवंत पेशी बर्फावर ठेवून, पटलाला छिद्रे पाडणारे डिटर्जंट न वापरता एचएविरुद्धची अँटीबॉडी लावावी. थंडीमुळे रिसेप्टर आत ओढला जात नाही. त्याच वेळी प्लेटच्या एका वेगळ्या खळग्यात सी-टोकाच्या टॅगची अँटीबॉडी लावावी. ती चमकली तर पेशींचे पटल फाटले आहे असे समजून ते निकाल बाद करावेत. ही खातरजमा एमआरएपीच्या टॅगवर मात्र कधीही करू नये, कारण त्याचे दोन रेणू एकमेकांना उलटे जोडले जातात आणि त्यामुळे दोन्ही टोके पेशीबाहेर सापडतात. एकूण रिसेप्टर किती तयार झाला, हे डिटर्जंट लावलेल्या पेशींत मोजावे.

प्रतिसादासाठी सीएएमपीचे विघटन रोखणाऱ्या आयबीएमएक्सच्या उपस्थितीत एसीटीएचच्या चढत्या मात्रा देऊन सीएएमपी हा पेशीतील संदेशवाहक रेणू मोजावा. रिसेप्टरला वळसा घालून सीएएमपी वाढवणारे फोर्सकोलिनही प्रत्येक गटाला द्यावे, म्हणजे पेशींची यंत्रणा शाबूत असल्याची खात्री पटते.

दोन्ही मोजण्या का हव्यात, हे एका उत्परिवर्तित एमआरएपीवरून स्पष्ट दिसते. त्याच्या १८ ते २१ या स्थानांवरील चार अमिनो आम्ले बदलून तिथे ॲलानिन घातले, तर रिसेप्टर पृष्ठभागावर येतो, पण एसीटीएचला दाद देत नाही. म्हणजेच एमआरएपीचे काम रिसेप्टरला पोहोचवून संपत नाही. माझ्या मते हा नमुना प्रत्येक मालिकेत पाचवा गट म्हणून ठेवावाच.

दोन प्रथिने प्रत्यक्ष चिकटतात का, हे इम्युनोप्रेसिपिटेशनने, म्हणजे अँटीबॉडीने एक प्रथिन ओढून त्यासोबत दुसरे येते का हे पाहून, तपासता येते. परंतु पेशी विरघळवल्यावर पटलातील प्रथिने उगाचच एकत्र येऊ शकतात. म्हणून रिसेप्टर आणि एमआरएपी वेगवेगळ्या पेशींत तयार करून, विरघळवल्यानंतर एकत्र केलेले मिश्रणही सोबत तपासावे. त्यातही जोडी दिसली, तर त्या पुराव्यावर विसंबू नये.