दापोलीच्या कौलारू घरातली थंडी अशी कमी केली
कोकणात कसली आलीय थंडी असं मुंबईची मंडळी म्हणतात, पण दापोलीत जानेवारीत पहाटे पारा कधीकधी १० च्या आसपास येतो आणि आमची घरं बांधलेलीच आहेत उन्हाळा नि पावसासाठी. उंच छप्पर, कौलांना फटी, भिंत आणि वाशांच्या मधे मोकळी जागा. मे महिन्यात हेच बरं वाटतं, थंडीत मात्र खोलीतली सगळी ऊब सरळ वर जाऊन कौलांतून बाहेर. आईला संधिवात, त्यामुळे तिची खोली तरी नीट करायचीच होती.

आधी कौलांखाली जाड कापडाचं छत ताणून वाशांना सुतळीने बांधलं, सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. मग पूर्वेकडची बाजू, कारण रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो म्हणजे आमच्याकडे गार झोत तिकडूनच येतो, तिथे भिंतीच्या वरच्या फटीत जुन्या लुगड्यांचे बोळे गच्च कोंबले (पावसाआधी काढायचे हं, नाहीतर ओल धरते). दिवसा खिडक्या सताड उघड्या, ऊन आत येऊ द्यायचं, कललं की लगेच बंद. फरशीवर गोणपाट, वर घोंगडी.

एक मात्र कळकळीने सांगते, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. त्यापेक्षा अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवा, आईला तेवढी पुरते.