सोसायटीच्या हॉलमध्ये गाणी आणि सिनेमा: तयारीची यादी

तारीख ठरवायच्या आधी हॉलच्या बुकिंगची वही बघा. पहाटेचा योगवर्ग, दुपारची भिशी, संध्याकाळी ज्येष्ठ मंडळींची बैठक, अधूनमधून एखादं बारसं असा हॉलचा दिवस भरलेला असतो. शनिवारी रात्री सिनेमा ठेवलात, तर रविवारी सकाळी सहाला चटया घेऊन येणाऱ्यांना तो झाडलेला आणि मोकळा मिळायलाच हवा. म्हणून या तयारीत मी आधी विचार करते तो न येणाऱ्यांचा. हॉलच्या वरच्या मजल्यावर कोण राहतं? कुणाची बारावी आहे का, तान्हं बाळ आहे का, कुणी आजारी आहे का? त्यांच्या दारात जाऊन सांगा. ग्रुपवर टाकलेला निरोप पुरत नाही. दार-खिडक्या लावून आवाज बाहेर किती जातो तेही आदल्या दिवशी जिन्यात उभं राहून ऐका.

वेळ उलटीकडून मोजा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर लावता येत नाही. बंदिस्त हॉलमध्ये आतल्या आत तो चालतो, पण निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि आपल्या खिडक्यांतून आवाज बाहेर जातोच. त्यामुळे साडेनऊला सगळं संपवायचं ठरवा. अडीच तासांचा सिनेमा आणि पंधरा मिनिटांचं मध्यंतर धरलं, तर पावणेसातला सुरुवात व्हायला हवी. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबू नका.

कमिटीला लेखी पत्र द्या, जबाबदार म्हणून दोन नावं लिहा, डिपॉझिटची पावती घ्या. तिकीट मात्र लावू नका, आधी वर्गणी काढा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये रहिवाशांच्या सामायिक हॉलमध्ये त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रणं वाजवायला, तसंच हौशी मंडळींनी पैसे न घेता गायला-वाजवायला मुभा आहे. सिनेमाचं तसं नाही. ओटीटीचं घरगुती सदस्यत्व घरापुरतंच असतं, हॉलसाठी हक्कधारकाची परवानगी लागते. प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं झाली की चित्रपटाचा हक्क संपतो, तेव्हा जुन्या सिनेमांचा विचार जरूर करा. मला तर लघुपट करणाऱ्या तरुण मंडळींना विचारणं सगळ्यात आवडतं. परवानगीही मिळते आणि पुष्कळदा ती मुलं स्वतः येऊन बोलतातही. मुलं बसणार असतील तर सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र बघून घ्या.

आता प्रोजेक्टर. १०० इंची (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत) चित्र म्हणजे रुंदी साधारण सव्वासात फूट. प्रोजेक्टरचं थ्रो गुणोत्तर, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, दीड असेल, तर तो पडद्यापासून अकरा फुटांवर ठेवावा लागतो, म्हणजे ऐन प्रेक्षकांत. त्याला स्वतंत्र टेबल हवं, आणि वायर जमिनीला टेपने पक्की चिकटवलेली हवी, कारण अंधारात पहिला पाय तिच्यावरच पडतो. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर बांधा. त्याहून खाली आली की सबटायटल पुढच्यांच्या डोक्यांमागे जातं. पुढे सतरंजी, मागे खुर्च्या. फाइल लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवा, हॉलच्या वायफायवर भिस्त नको. मराठी सबटायटलमध्ये अक्षरांऐवजी चौकोन दिसत नाहीत ना, हे त्याच लॅपटॉपवर तपासा. नोटिफिकेशन बंद करा. आवाज ब्लूटूथने देऊ नका. ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतात, वायरच बरी. गुणगुण ऐकू आली तर लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर लावून बघा. वीज गेल्यावर जनरेटर लागेपर्यंत प्रोजेक्टर बंद पडतो, आणि दिव्याचा असेल तर गार झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही. तेव्हा छोटा यूपीएस मागून आणा. चहाची इलेक्ट्रिक किटली त्या बोर्डावर चुकूनही लावू नका, तिला वेगळा पंधरा अँपिअरचा पॉइंट.

गाण्याच्या रात्रीची तयारी निराळी. गाणाऱ्यांची पट्टी आठवडाभर आधी विचारून तबलजीला कळवा. एक जण पेटीच्या काळी एकमध्ये आणि दुसरी काळी पाचमध्ये गाणार असेल, तर एका तबल्यावर भागत नाही, तो दोन आणेल. पावसाळी हवेत पुडी (तबल्यावरचं कातडं) सैलावते, एसीत ताणली जाते. म्हणून एसी आधी लावा, तबला तासभर हॉलमध्ये राहू द्या आणि मग हातोडी घ्या. स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा. ते मागे ठेवले की शिट्टी सुरू होते. नुसत्या टाइल्स आणि उघड्या भिंती आवाज घुमवतात, जाजम अंथरलं आणि पडदे ओढले की शब्द कळायला लागतात. पन्नास माणसांच्या हॉलमध्ये पेटीला माईक लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. कराओके असेल तर ट्रॅक क्रमाने पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.

खाणं साधं ठेवा: मध्यंतरात चहा आणि चिवडा, कोजागिरी असेल तर मसाला दूध. तेलकट, रश्शाचं काही नको, जाजमावरचे डाग निघत नाहीत.

आवरायची माणसं आधीच ठरवा, खुर्च्यांना चौघं, जाजमाला दोघं, केराला एक. पंखे, एसी, मागची खिडकी बघा, किल्ली वॉचमनकडे देऊन वहीत वेळ लिहा. हिशेब दोन दिवसांत नोटीस बोर्डावर लावा, आणि सोमवारी वरच्या मजल्यावर जाऊन विचारा, त्रास झाला का. झाला असेल तर पुढची तारीख त्यांना विचारूनच ठरवा.