डीएलसी (डायमंड-लाइक कार्बन, म्हणजे हिऱ्यासारखा कठीण कार्बनचा पातळ थर) कोटिंगवर पाणी पसरवायचंय की घसरवायचंय?

साध्या हायड्रोजनवाल्या डीएलसीवर पाण्याचा कॉन्टॅक्ट अँगल (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; जितका मोठा तितकं पाणी कमी पसरतं) साधारण ७०-८० अंश येतो, म्हणजे धड इकडे नाही धड तिकडे. पाणी झटकायचं असेल तर डिपॉझिशनच्या (थर बसवण्याच्या) वेळीच गॅसमध्ये सीएफ४ सारखा फ्लोरिनवाला गॅस मिसळा, अँगल ९० च्या वर जातो, पण हात आखडता ठेवा कारण फ्लोरिन जास्त झालं की फिल्म मऊ पडते आणि मग हार्ड कोटिंग कशाला केलं असं होतं. उलट पाणी पसरवायचं असेल तर ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने आयनित केलेला ऑक्सिजन) द्या, थोडाच वेळ हं, नाहीतर फिल्मच खाल्ली जाते! हा परिणाम हवेत हळूहळू उतरतो, त्यामुळे त्यावर काही चिकटवायचं असेल तर ते काम लगेच उरका. मोजताना पाणी आणि डायआयोडोमिथेन (जवळपास नॉनपोलर द्रव) दोन्हीचे थेंब घ्या, नुसत्या पाण्यावरून पृष्ठभाग ऊर्जेचे पोलर (ध्रुवीय) आणि डिस्पर्सिव्ह (अध्रुवीय) भाग वेगळे कळत नाहीत.