शुक्रवारी देतो म्हणजे शुक्रवारी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, आमची लहानशी शेड आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आणि सात माणसं. पंप-व्हॉल्व्हचे स्टेनलेसचे सुटे भाग करून देतो. बाबा गेल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, मीच बघते. आजोबा नगरकडून इथे आले, त्यामुळे घरात रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं आणि चर्चमध्ये गुजराती गीतं. चर्चच्या मंडळीतली मुलं-मुली डिप्लोमा संपवून नोकरीला लागली, किंवा स्वतःचं काही काढायचं त्यांच्या मनात आलं, की उपासनेनंतर गाठतात. "ताई, ख्रिस्ती विश्वास सांभाळून धंदा होतो का?" रोख बहुतेक वेळा लाचेवर असतो.

लाचेचं लवकर उरकते. इकडे तिला 'व्यवहार' म्हणतात. "बेन, जरा व्यवहार समजून घ्या ना." मी नाही म्हणते. कधी ऑर्डर राहते, कधी जाते. देवानं दुप्पट भरून दिलं अशी साक्ष द्यायला मलाही आवडली असती, पण गेलेल्या दोन पार्ट्या काही परत आल्या नाहीत. हे आधीच माहीत असलेलं बरं.

रोजचं खोटं मात्र वेगळंच असतं. ते डिलिव्हरीच्या तारखेत असतं. माल बुधवारच्या आधी होणार नाही हे दिसत असताना आपण फोनवर "सोमवारी पाठवते" म्हणतो, कारण समोरच्यालाही तेच ऐकायचं असतं. तुमचं 'होय' ते होय आणि 'नाही' ते नाही असावं, हे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायातलं वचन मी लहानपणी तोंडपाठ म्हणून बक्षीस मिळवलं होतं. त्याचा संबंध डिस्पॅचशी आहे हे शेडमध्ये बसल्यावर कळलं. 17व्या शतकात इंग्लंडमधले क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे दुकानदार याच वचनावर बोट ठेवून घासाघीस टाळायचे, सगळ्यांना एकच भाव सांगायचे. बडोद्याच्या मंगळ बाजारात हे करून बघा, लोक हसतील. मी भावात थोडी जागा ठेवतेच, ते मान्य करते. तारखेत ठेवत नाही. नवीन मुलांना पहिली सवय हीच लावायला सांगते. "शुक्रवारी देतो" म्हटलं तर शुक्रवारी द्या, आणि जमणार नसेल तर बुधवारीच फोन करा. शिव्या बुधवारीही बसतात, पण कमी.

आता मालाचं. 304 आणि 316 हे स्टेनलेसचे दोन ग्रेड डोळ्यांना सारखेच दिसतात, लोहचुंबक लावूनही ओळखू येत नाहीत. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून तो महाग. क्लोराइडच्या पाण्यात 304 ला बारीक खड्डे पडू लागतात, 316 जास्त टिकतो. म्हणजे 316 च्या भावात 304 खपवला तर आज कुणाला कळणार नाही, दोन वर्षांनी पंप गळेल. एकदा आम्हाला सर्टिफिकेटवर 316 लिहिलेला बार आला. माझ्या जुन्या मिस्त्रीला, रफीकचाचांना, लेथवर निघणाऱ्या धातूच्या चिपवरून शंका आली. बाहेरून स्पेक्ट्रो टेस्ट (धातूत काय किती आहे याची तपासणी) करून घेतली, तर मॉलिब्डेनम नावालाच. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात पिशवीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन वजनं ठेवू नका असं सांगितलंय. आमच्या धंद्यातलं दुसरं वजन म्हणजे ते सर्टिफिकेट. बार परत गेला, आठवडा वाया गेला. बायबल मला पाठ, पण पकडलं चाचांनी. तेव्हापासून "आपली माणसं" बघून कामावर ठेवा असं कुणी मंडळीत म्हणालं की मी गप्प बसत नाही.

माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती सगळ्यांकडून होते. सकाळी शेड उघडली की मी ऑफिसात एकटी प्रभूची प्रार्थना म्हणते. मराठी बायबलमध्ये तिच्यातला शब्द 'ऋण' असाच आहे. जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे सोड. एके दिवशी प्रार्थना संपवून दार उघडलं तर बाहेर बफिंगवाला, म्हणजे आमच्या भागांना पॉलिश करून देणारा, उभा. तीन महिन्यांची बिलं थकलेली. मोठ्या पार्टीनं माझे पैसे अडकवले म्हणून मी त्याचे अडकवले होते, आणि त्यात मला काही वावगंही वाटलं नव्हतं. दिवसभराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, तो गरीब आहे, त्याचा जीव तिच्यावर लागलेला आहे, हेही अनुवादातच आहे, 24व्या अध्यायात. आता पगार कायद्याच्या 7 तारखेची वाट न बघता 1 ला होतो, आणि बफिंग-प्लेटिंगवाल्यांचं बिल पंधरा दिवसांत. त्यासाठी बाजूला पैसे ठेवावे लागतात, म्हणून नवीन मशीन तीन वर्षं लांबलं.

उलट बाजूनं, ख्रिस्ती माणसानं येणं मागू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, पहिल्याच महिन्यात करा. 2006 च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार असला तरी 45 दिवसांत पैसे द्यायचेच असतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं. क्षमा करायची ती अडलेल्याला. ज्याच्या खात्यात पैसे पडून आहेत त्याला स्मरणपत्र पाठवायचं.

दसऱ्याला मशीनची पूजा असते. दरवर्षी कुणीतरी विचारतं, तुम्ही काय करता? माणसं लेथ धुतात, झेंडूची माळ घालतात, नारळ फोडतात. पेढे माझ्याकडून. मी तिथे उभी राहते, आरती करत नाही. चर्चच्या पाळकांना (पास्टरांना) हे फार वाटतं, मावशीला फार कमी. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला मूर्तीपुढच्या नैवेद्याच्या मांसाबद्दल लिहिलेले बायबलमधले अध्याय दोघांच्याही बाजूनं वाचता येतात. याच कारणानं मी शेडमध्ये कुणाला प्रार्थनेला बोलावत नाही. पगार देणाऱ्याच्या बोलावण्याला नाही म्हणणं सोपं नसतं, आणि गुजरातेत जबरदस्तीनं किंवा आमिषानं धर्मांतर करायला बंदी करणारा, धर्मस्वातंत्र्याचा 2003 चा कायदाही आहे. पौल करिंथात तंबू शिवून पोट भरायचा, तेवढं मला पुरतं.

राहिली सुट्टी. 2024 मध्ये उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) 29 मार्चला आला आणि ईस्टर 31 ला, म्हणजे नेमका आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. सगळ्या पार्ट्यांना त्या तीन दिवसांतच बिलिंग हवं होतं. मी फेब्रुवारीतच सगळ्यांना लिहून कळवलं होतं, 28 ला शेवटचा टेंपो. त्या आठवड्यात माणसांनी रात्री थांबून ओव्हरटाइम केला, आणि 28 ला रात्री साडेदहाला रफीकचाचांनी, रोजा सोडून परत येऊन, शटर ओढलं.